ढिगामागचा समुद्र

आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेलं माणूस एकही नव्हतं, पण कोणत्या समुद्रावर जावं हे सांगायला अख्खी गल्ली तयार होती. उंटावर बसून शेळ्या हाकायला काय लागतं! मी पोरीला कडेवर घेऊन नळावर उभी राहिले की सुरू. गोव्याला जा, पुरीला जा, मुंबईच्या चौपाटीनं काय घोडं मारलंय? मी आपली सगळ्यांना हो हो म्हणत होते. आता वाटतं, तेव्हाच एकेकीला तोंडावर विचारायला पाहिजे होतं, बाई, तुझं लेकरू खोकतं का? नाही ना? मग बस गप.

माझं खोकत होतं. अडीच वर्षांची पोर, अन् खोकला म्हाताऱ्या माणसाचा. घुग्घुसला आम्ही खाणीच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझा नवरा सायडिंगवर लोडर चालवतो, म्हणजे कोळशाचा ढीग उचलून रेल्वेच्या डब्यात ओतायचा. आमच्याकडे सकाळी खाट पुसली की दुपारी पुन्हा पुसावी लागते. कपडे बाहेर वाळत घालत नाहीत. लेकरांना पांढरं घेत नाहीत. पोरीचं नाक पुसलं की रुमाल काळा व्हायचा, अन् हे मला इतकं सवयीचं झालं होतं की चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तो रुमाल हातात घेऊन उलटासुलटा पाहिला तेव्हा माझीच मला लाज वाटली.

डॉक्टर म्हणाले, औषधं देऊन बघितली, वाफ देऊन बघितली, आता हवा बदलून बघा. आठ दिवस समुद्राकाठी ठेवा. तिथं खोकला थांबला तर दोष हवेचा. नाही थांबला तर दुसरं काही शोधू.

परत येताना फाटक पडलेलं होतं. मालगाडी चालली होती, संपता संपत नव्हती. नवऱ्यानं मोटरसायकल बंद केली अन् मान न वळवता म्हणाला, "आठ दिवसात हिचा खोकला थांबला नं, तर मी बदलीचा अर्ज देतो. नागपूरच्या हापिसात. पगार कमी झाला तरी चालीन. पण नाई थांबला, तर मंग तू रोजची कटकट बंद करजो."

"अर्ज देता नं? नक्की?"

"पोरीची आन."

मी म्हटलं, मान्य. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आमच्यात असा पक्का सौदा पहिल्यांदाच झाला. माझ्यासाठी तो समुद्र म्हणजे सहल-बिहल काही नव्हती. तो त्या अर्जाचा कागद होता.

कुणी म्हणेल, इतकं जंगल जवळ असताना समुद्र कशाला? नेऊन पाहिलं ना बाप्पा! माझं माहेर अहेरीचं. पण आता त्या रस्त्यानं सूरजागडच्या डोंगरातली लोखंडाची लाल माती घेऊन ट्रक जातात, अन् माझ्या बापाच्या अंगणातली तुळस लाल झालेली आहे. इथं काळं, तिथं लाल. सासरचं गाव मूल तालुक्यातलं, धानाचं. तिथं नेलं तर चुलीचा धूर अन् मळणीचा कोंडा, पोरीनं चार दिवसांत डोळे पांढरे केले. म्हणून समुद्र.

नवरा म्हणाला, "जागा तू ठरव. तुले जशी पाह्यजे तशी." हे त्याचं मोठेपण होतं की अंग काढून घेणं होतं, मला आजही सांगता येत नाही.

मी ठरवायला बसले. पोर झोपली की फोनवर समुद्रच समुद्र. असे असे किनारे असतात हे मला माहीतच नव्हतं. शाळेत पाठ केलं होतं, आपल्या राज्याला लांबच लांब समुद्रकिनारा लाभला आहे. आपल्या म्हणजे कोणाच्या ते बाईंनी सांगितलं नव्हतं. घुग्घुसहून कोकणात जायचं म्हणजे आधी अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. त्यापेक्षा तेलुगू लोकांचा समुद्र जवळ, बल्लारशाहला गाडीत बसलं की सरळ. पण मला कोकणच पाहिजे होतं. भाषा आपली, लेकरू आजारी पडलं तर निदान काय होतंय ते सांगता तर येईल.

शेवटी दापोलीकडचं एक गाव काढलं. पांढरी वाळू, कमी पाणी, गर्दी नाही. एका घरात खोली देत होते, मागच्या दारातून वाळूत उतरायचं. व्हिडिओत त्या घराची बाई केळीच्या पानावर भात वाढत होती. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की पोर फोन दिसला की म्हणायची, "आई, भातवाली लाव." नंबर कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला, अन् एक दिवस छाती घट्ट करून लावला. बाई बोलायला गोड होती. पण मी कुठून बोलते हे सांगितल्यावर म्हणाली, "चंद्रपूर? अय्या, तिकडे वाघ फिरतात ना रस्त्यावर?" अन् हसली. मी पण हसले. वाईट काहीच बोलली नव्हती बिचारी. पण मला एकदम माझी भाषा, माझं गाव, माझं खोकणारं लेकरू सगळं तिच्या स्वच्छ अंगणात ओंगळ वाटायला लागलं. मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवल्यावर सुचलं, वाघ आहेत बाई, पण ते आम्हाला त्रास देत नाहीत. असं मला नेहमी फोन ठेवल्यावरच सुचतं.

तरी मी तेच धरून होते. मग सासूबाई आल्या गावाहून. सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली, अन् एकच विचारलं, "तिथी आपलं कोण हाय?"

झालं. या एका प्रश्नापुढे आमच्याकडे कुणाचं चालत नाही. आमच्याकडे माणूस गावाला जात नाही, माणसाकडे जातो. नागपूरला दवाखाना असला तर आधी तिथं कोणाचा साळा राहतो ते शोधायचं, डॉक्टर मागून. तिरुपतीला गेले तरी वाटेत कोणीतरी आपल्या गावचा सापडतोच, अन् त्याच्या घरी न उतरता लॉजवर राहिलं तर वर्षभर तोंड दाखवायची सोय नाही. "लॉजावर लेकराले दूध कोन तापवून देईन? अर्ध्या रात्री जर ताप आला तं?" सासूबाई म्हणाल्या. अन् खरं सांगू, मला बरंच वाटलं. मी घाबरले होते. सगळा दोष त्यांच्यावर ढकलून मोकळी होऊ शकले असते, पण तसं नाही. त्या बोलल्या ते माझ्याच पोटातलं होतं.

"आंध्रात हाय नं आपला माणूस," नवरा म्हणाला. त्याच्यासोबत सायडिंगवर काम करणारा एक जण काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका बंदराच्या गावाला गेला होता. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावानं माझं काही वाकडं केलं नाही. नवऱ्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"या नं वहिनी! पाहुणेच येत नाई कोणी आमच्याकडे. समुद्र घरातून दिसते!"

घरातून दिसतो म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोरीच्या खोकल्याचं सांगितलं अन् प्रश्न विचारायला लागले. दूध ताजं मिळते का? हो. संडास घरातच आहे? हो. लेकराचा डॉक्टर जवळ? पाच मिनिटांवर. डास? थोडे. मी सगळं विचारलं. तो तिथं काम काय करतो, एवढं विचारलं नाही. आता सांगा, माझा नवरा लोडर चालवतो, त्याचा सोबती लोडर चालवायचा, मग तो समुद्राकाठी काय मोती वेचायला गेला असेल? कोळशावाल्याला ओळखी कोणाच्या असणार? पण नाही आलं डोक्यात. दोन महिने जागलेल्या डोक्यात नाही आलं. कॅलेंडरचं पान मी फाडून टाकलं.

समोरच्या भाभी शिवणकाम करतात. त्यांना मी म्हटलं, पोरीला एक फ्रॉक पाहिजे, पांढरा. भाभीनं मान वर केली. "सफेद? अपने घुग्घुसमें?" मी म्हटलं, इथं नाही, समुद्रावर. त्यांनी दोन दिवसांत शिवून दिला, बाह्यांना बारीक लेस लावून, अन् शिलाई घेतली नाही. म्हणाल्या, तिकडून लेकराचा फोटो पाठव.

सासूबाईंनी यजमानांसाठी लुचईचे तांदूळ बांधून दिले. सकाळी सकाळी आम्ही त्या स्टेशनवर उतरलो. पोरीला गाडीतच पांढरा फ्रॉक घातला होता. रिक्षा निघाली, हवा दमट, नारळाची झाडं, मला तर रडूच यायला लागलं आनंदानं. मग रस्ता वळला, अन् एक लांबलचक भिंत लागली, अन् भिंतीच्या वर डोंगर. काळा. आमच्या घुग्घुसच्या ढिगांपेक्षा तिप्पट. वर पाण्याचे फवारे उडत होते, खाली लोडर रांगेनं उभे. आमच्याकडे कोळसा जमिनीतून निघतो, इथं जहाजातून उतरतो, एवढाच काय तो फरक.

"बाबा, समुद्र कुठी?" पोर ओरडत होती. रिक्षा थांबवून नवऱ्यानं तिला खांद्यावर घेतलं अन् बोट दाखवलं. "थो पाय. त्या ढिगाच्या मागं." ढिगावरून एक निळी रेघ दिसत होती. पोरीनं टाळ्या वाजवल्या. तिच्या आयुष्यातलं समुद्राचं पहिलं दर्शन ते.

त्यांच्या घरात गेलो तर त्या सोबत्याची बायको, आमची वहिनी, ओल्या फडक्यानं खाट पुसत होती. ते पुसणं मी ओळखते. आधी उशाकडून, मग घडी उलटवून पायाकडून. तिनं मला पाहिलं अन् फडकं पाठीमागं लपवलं. कपड्यांची दोरी घरात, खिडकीला ओली चादर. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते असं असतं. मी त्या पुसलेल्या खाटेवर बसले अन् पाणी मागितलं.

दुपारी ओट्यावर नवऱ्याला धरलं. "तुमाले मालूम होतं?"

"तो लोडर चालवते थे तर मालूम होतंच."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तू इचारलं काऊन नाई?" तो म्हणाला. मग जरा खालच्या आवाजात, "मले वाटलं, थोडाबहुत कोयसा असन. समुद्राची हवा तर समुद्राचीच असते नं."

तो खोटं बोलत होता की भाबडा होता? दोन्ही असेल. कोळसा सगळीकडेच असतो असं त्याला खरंच वाटतं, अन् तसं वाटून घेण्यातच त्याची सोय आहे. मी चिडले, वाट्टेल ते बोलले, पण हळू आवाजात, कारण आत पाहुणचार चालला होता.

अन् पाहुणचार तरी कसा! यजमानानं सुटी काढली. रोज मासळी, रोज नारळपाणी, वहिनी पोरीला खाली ठेवू देईना. पोर खोकतच होती. रात्री जास्त, सकाळी थोडी कमी, अगदी घरच्यासारखी. पांढऱ्या फ्रॉकची घडी दुसऱ्याच दिवशी राखाडी झाली. ती खोकली की नवरा माझ्याकडे पाहायचा. सौदा विसरला नव्हता तो.

तिसऱ्या दिवशी मी वहिनीसोबत मासे साफ करत होते. भिंतीवर एका मुलाचा फोटो होता, चारेक वर्षांचा. मी विचारलं, हा कुठं आहे? ती विळीवरून नजर न उचलता म्हणाली, "गावी. माह्या आईजवळ ठेवला. इथी त्याले सोसत नाई, सारखा खोकले. दोन वर्सं झाली."

मी हातातला मासा खाली ठेवला. "वहिनी, मंग आमाले काऊन बोलावलं तुमी? फोनवर सांगितलं होतं नं मी, पोरीचा खोकला..."

"तुमी एवढ्या हौसेनं येतो म्हनाले. नाई कसं म्हनावं बाई? अन् खरं सांगू का," ती डोळे पुसत म्हणाली, हाताला माशाचं रक्त होतं म्हणून मनगटानं पुसत होती, "घरात लेकराचा आवाज पाह्यजे होता मले. आठ दिवस."

मला तिचा राग यायला पाहिजे होता. आला पण. पण तिच्याकडे पाहून पुढं काय बोलावं? जिनं आपलं पोटचं दुसरीकडे ठेवलं तिला मी काय शिकवू?

पाचव्या दिवशी तीच मला म्हणाली, चला. नवऱ्यांना बाजाराचं सांगितलं अन् आम्ही दोघी पोरीला घेऊन बसनं निघालो. तासाभरावर कोळ्यांची वस्ती होती. तिथं भिंत नव्हती, ढीग नव्हता. वाळू होती, होड्या होत्या, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास होता. मी फ्रॉक रगडून रगडून धुतला होता, तोच पोरीला घातला. ती पाण्याजवळ जायची, लाट आली की किंचाळून पळायची, पुन्हा जायची. सकाळी बसमध्ये खोकली तेवढीच. मी वाट बघत होते. खोकला येईल, आता येईल. मेली, मीच वाट बघत होते!

दुपारी ती होडीच्या सावलीत माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या छातीला कान लावला. आत शिट्टी वाजत नव्हती. जन्मापासून त्या छातीत मी जी घरघर ऐकत आले ती नव्हती. नुसता श्वास येत होता अन् जात होता. मी किती वेळ तशी वाकून बसले कोण जाणे, वहिनीनं पाठीवर हात ठेवला तेव्हा मान आखडली होती.

तिथल्या एका म्हातारीकडे रिकामी खोली होती. वहिनीनं तेलुगूत विचारलं. म्हातारी म्हणाली, रहा की, लेकराला मी दूध देते. तीन दिवस उरले होते. तीन दिवसांत नवऱ्याला डोळ्यांनी दाखवता आलं असतं, कानानं ऐकवता आलं असतं. मला फक्त तीन दिवस पाहिजे होते.

परत आल्यावर मी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. तो ऐकत होता, खरंच ऐकत होता. मग म्हणाला, "लोकायच्या घरी आलो अन् त्यायले सोडून दुसरीकडे राह्याचं? त्यानं सुट्ट्या काढल्या आपल्यासाठी. काय वाटन त्याले? गावात काय सांगन?"

"पोरीची आन घेतली होती तुमी."

"थे खोकला थांबला तर म्हनलो होतो. एका दिवसानं काय होते?"

तेवढ्यात यजमान पिशवी हलवत आला. कोळंबी आणली होती, मोठी मोठी. "वहिनी, आज तुमच्या हातचं होऊ द्या! अन् परवा दीपगृह पाहाले जाऊ, मी गाडी सांगून ठेवली." नवरा हसला. वहिनी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. तिला वाटत होतं मी बोलेन. मी बोलले असते तर तिनं साथ दिली असती, हे मला तिच्या डोळ्यांत दिसत होतं. एवढंच म्हणायचं होतं, भाऊ, राग मानू नका, लेकरासाठी आम्ही तीन दिवस तिकडे राहतो. एक वाक्य.

मी म्हटलं, "कोळंबी कशी आवडते तुमाले, रस्सा की सुकी?"

बस. इथंच सगळं संपलं. नवऱ्यानं काय केलं अन् सासूबाईंनी काय केलं ते मी जगाला सांगत फिरते, पण हे वाक्य मी म्हटलं आहे. दुसऱ्याच्या मनाला लागू नये म्हणून मी माझ्या लेकराचा श्वास गिळला, अन् कोळंबी सोलत बसले.

परत आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, थांबला का? मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "नाई जी. तिथी बी तसाच." मी त्या एका दुपारचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एका दिवसावरून काही ठरवता येत नाही. औषध बदलून दिलं. अर्जाचं नाव मग कुणी काढलं नाही, अन् मी कटकट बंद केली. सौदा म्हणजे सौदा. भाभींना फोटो पाठवला, होडीजवळचा. त्यांनी दुकानात लावला आहे. येणाऱ्या बायकांना दाखवतात, देखो, कितना सफेद.

आता पोर तीन वर्षांची झाली. अंगणवाडीच्या वाटेवर सायडिंगची भिंत लागते, भिंतीमागे ढीग. तिथं आली की ती माझा हात ओढते. "आई, समुद्र! त्याच्या मागं समुद्र हाय." पहिल्यांदा मी म्हटलं, नाही माय, तिथं काही नाही. तर रस्त्यात बसून इतकी रडली, रडून इतकी खोकली की ओठ निळे झाले. तेव्हापासून मी हो म्हणते. आहे म्हणते. जाऊ का विचारलं तर उद्या म्हणते.

मागच्या आठवड्यात आम्ही तिघं मोटरसायकलवर होतो. ती पुढं टाकीवर बसलेली. ढीग आला अन् ती ओरडली, "बाबा, थांब! मागं समुद्र हाय!" नवऱ्याला हे माहीत नव्हतं, मी कधी सांगितलं नव्हतं. त्यानं गाडी थांबवली. मागं वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं, त्या दिवशी घेतलं होतं तसंच. ती त्याचे केस धरून, मान उंचावून बघत राहिली. बराच वेळ बघितलं.

"दिसत नाई, बाबा."

तो खाकरला. म्हणाला, "मोठी झाली का दिसन."

तिनं मान डोलावली. बापावर तिचा भारी विश्वास. मी मागं बसून होते, अन् मला कळलं की ती मोठी होईपर्यंत आम्ही इथंच असणार आहोत. त्यानं गाडी सुरू केली. पोर खोकायला लागली, तसा मी हात पुढं नेऊन रुमाल तिच्या नाकाला लावला.